वाचकांचे प्रश्न: चेहऱ्यावर मुंग्या आणि तीन वर्षांपूर्वी काढलेला डाग

मागच्या अंकात उन्हाळ्याच्या निमित्ताने त्वचेच्या कॅन्सरवर थोडं लिहिलं होतं आणि त्यात एक वाक्य सहज येऊन गेलं होतं, की चेहऱ्यावरचा किंवा डोक्यावरचा कॅन्सर कधीकधी नसेला धरून आत सरकतो. त्या एका वाक्यावरच सगळ्यात जास्त पत्रं आली. त्यातली पाच घेतलीयत, नावं गाळलीयत. पत्र वाचून निदान होत नाही हे तुम्हाला माहितीये, तरी पुढे कुठे जायचं आणि तिथे काय विचारायचं हे तर नक्की सांगता येतं.

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी मूळची सांगलीची, लग्नानंतर ब्रिस्बेनला असते, नवरा इथलाच. सासरे ७६ वर्षांचे, बंडाबर्गकडे त्यांची उसाची शेती होती, सगळं आयुष्य उन्हात गेलंय. तीन वर्षांपूर्वी डाव्या भुवईच्या वर एक खपली धरलेला डाग होता तो काढला, स्क्वेमस सेल कार्सिनोमा (त्वचेच्या कॅन्सरचा एक प्रकार) निघाला, कडा क्लिअर आहेत, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या काठावर कॅन्सर नाही म्हणाले आणि आम्ही तो विषय सोडून दिला. आता सात-आठ महिने झाले त्यांना त्याच बाजूला कपाळावर मुंग्या चालल्यासारखं होतं, सारखा हात मारत असतात, आधी मला वाटायचं खरंच मुंगी आहे. आता म्हणतात डोक्यावर कंगवा फिरवला तर डावीकडे कळतच नाही. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, ब्रेनचा एमआरआय करायला सांगितला, नॉर्मल आला. मग नागिणीनंतरचा त्रास असेल म्हणून गोळ्या दिल्या पण त्यांना नागिणीचे फोड कधी आलेलेच नाहीत. मी जुना रिपोर्ट शोधून वाचला तर त्यात "पेरिन्यूरल इन्व्हेजन प्रेझेंट" अशी एक ओळ आहे, ती आम्हाला कोणी समजावून सांगितली नव्हती. ह्याचा आणि मुंग्यांचा संबंध असेल का, की मी उगाच घाबरतेय?

उत्तर: ताई, तुम्ही उगाच घाबरत नाहीयात, आणि तो जुना रिपोर्ट उघडून वाचलात हे फार चांगलं केलंत. संबंध असू शकतो, आणि तो आहे असं धरूनच पुढची तपासणी व्हायला हवी, नाही निघाला तर आनंदच आहे.

आधी एक गोष्ट सांगते कारण आपल्याकडे नस आणि शीर हे दोन्ही शब्द कसेही वापरतात. इथे रक्त वाहून नेणारी शीर नाही म्हणत मी, संवेदना नेणारी नस, नर्व्ह. चेहऱ्याला कळतं ते ट्रायजेमिनल नावाच्या नसेमुळे, तिच्या तीन फांद्या, एक कपाळाला, एक गालाला आणि वरच्या ओठाला, एक खालच्या जबड्याला. चेहऱ्याची हालचाल करणारी नस वेगळी, ती फेशियल नर्व्ह, कानाखालून येते. आत्ता स्वतःच्या भुवईच्या नाकाकडच्या भागाखाली, डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या हाडावर बोट दाबून सरकवून बघा, बऱ्याच जणांना एक बारीक खाच लागते. कपाळाची नस तिथून बाहेर येते आणि वर डोक्याच्या माथ्यापर्यंत जाते. सासऱ्यांचा डाग भुवईच्या वर, मुंग्या कपाळावर, बधिरपणा डोक्याच्या डाव्या बाजूला, हा सगळा एकाच नसेचा पत्ता आहे. मला काळजी वाटतेय ती म्हणून.

हा कॅन्सर नसेच्या आवरणात शिरतो आणि तिथून तिला धरून धरून चालत राहतो. घरात भिंतीतल्या वायरिंगच्या पाइपातून मुंग्यांची रांग जाते आणि भलत्याच खोलीतल्या स्विचबोर्डातून बाहेर पडते ना, तसं. वरून भिंत एकदम स्वच्छ दिसते. म्हणूनच डाग काढलेल्या जागेची कातडी छान भरून आलेली असते, कुठे गाठ नाही, मानेत काही नाही, आणि पेशंट म्हणत असतो की काहीतरी चालतंय. पूर्वी असं म्हणायचे की तो मध्ये जागा सोडून उड्या मारत जातो. तुमच्या ब्रिस्बेनमधल्याच टीमने ऑपरेशनमध्ये काढलेल्या नसा तपासल्या तेव्हा पसरण सलग असल्याचं दिसलं, आणि ही चांगली बातमी आहे, कारण सलग असेल तर त्याच्या पुढे जाऊन नस कापता येते.

आता त्या "पेरिन्यूरल इन्व्हेजन"च्या ओळीबद्दल. नसेभोवती कॅन्सरच्या पेशी दिसल्या असं पॅथॉलॉजिस्ट लिहितात तेव्हा त्याचे दोन अगदी वेगळे अर्थ असतात. एक म्हणजे फक्त मायक्रोस्कोपखाली, एखाद्या बारीक नसेजवळ दिसलं आणि पेशंटला काहीच त्रास नाही. त्यात नस किती जाड होती हे महत्त्वाचं, ०.१ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असेल, किंवा कातडीच्या थराच्या खाली खोल असेल तर धोका वरच्या पायरीचा धरतात. दुसरा अर्थ म्हणजे पेशंटला लक्षणं आहेत किंवा एमआरआयमध्ये ट्रायजेमिनलच्या फांदीसारखी मोठी नस जाड दिसतेय. ह्या दुसऱ्यावर उपचार पूर्ण वेगळे. तीन वर्षांपूर्वी सासरे पहिल्या प्रकारात असतील, आता दुसऱ्यात गेलेत का हे बघायचंय. आणि मध्ये तीन वर्षं गेली म्हणून संबंध नाही असं समजू नका, काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत कितीही अंतर पडू शकतं, ही चाल हळूच असते.

मी स्वतः दोन वर्षं क्वीन्सलँडमध्ये, म्हणजे तुमच्या ब्रिस्बेनच्याच राज्यात, काम केलंय. तिथले एक आजोबा मला अजून डोळ्यासमोर दिसतात, जन्मभर गुरांच्या मागे हिंडलेले, हॅट काढून मांडीवर ठेवली तर आतल्या पट्ट्यावर सुकलेलं रक्त. कपाळावर हॅट घासून घासून चांगली जखम झाली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता, तिथलं कळतच नव्हतं ना. तोपर्यंत दोन वर्षं चार डॉक्टर झाले होते, कोणी मायग्रेन म्हणालं, कोणी सायनस. मी विचारलं पूर्वी चेहऱ्यावरचं काही काढलंय का, तर म्हणाले विशेष काही नाही, दहा-बारा काढले असतील, मोजले नाहीत. तिथे हे असंच आहे. ब्रिटन-आयर्लंडकडून गेलेली गोरी कातडी आणि डोक्यावर ते ऊन, सत्तरीपर्यंत दर तीन ऑस्ट्रेलियन माणसांतल्या दोघांना कुठला ना कुठला त्वचेचा कॅन्सर होतो, त्यात क्वीन्सलँड सगळ्यात वर. त्यामुळे डाग काढणं म्हणजे केस कापून येण्यासारखं वाटायला लागतं आणि नव्या डॉक्टरला ते सांगायचं राहून जातं. चारही डॉक्टरांना तो जुना डाग माहीतच नव्हता. त्यांच्यावर मी राग काढणार नाही, पण तेव्हापासून मुंग्या किंवा बधिरपणा घेऊन कोणीही आलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो.

एमआरआय नॉर्मल आला ह्यावर थांबू नका. साधा ब्रेनचा एमआरआय मेंदू बघायला केलेला असतो, त्यात जाड जाड काप घेतात आणि कपाळाची नस कोणी शोधतच नाही. तुम्हाला हवाय तो वेगळा, त्या नसेच्या मेंदूतल्या मुळापासून कातडीपर्यंत पूर्ण रस्त्याचा, बारीक कापांचा, कॉन्ट्रास्ट देऊन, चरबीचा पांढरेपणा दाबून घेतलेला, जमल्यास जास्त ताकदीच्या ३ टेस्ला मशीनवर. तिकडे त्याला एमआर न्यूरोग्राफी म्हणतात. आणि चिठ्ठीवर नुसतं "डोकेदुखी" न लिहिता "डाव्या भुवईवरचा स्क्वेमस सेल कार्सिनोमा तीन वर्षांपूर्वी काढला, नसेभोवती पसरण होती, आता त्याच नसेच्या भागात वाढता बधिरपणा" असं लिहून घ्या. रेडिओलॉजिस्टला कुठे बघायचं हे कळलं की तेच चित्र वेगळं बोलायला लागतं, कधीकधी आधीच्याच सीडीमध्ये सापडतं म्हणून तीही बरोबर न्या. आणि नवा एमआरआयही स्वच्छ आला पण बधिरपणा वाढतच राहिला, तर काही महिन्यांनी परत करायचा. सीटी स्कॅनवर ह्यासाठी विसंबू नका, त्यात हाडातलं छिद्र रुंद झालेलं दिसतं पण तोवर उशीर झालेला असतो.

तुमच्या सुदैवाने तुम्ही ह्या आजारासाठी बरोबर गावात आहात. ब्रिस्बेनच्या प्रिन्सेस अलेक्झांड्रा हॉस्पिटलमध्ये डोकं-मान आणि कवटीच्या तळाचं काम करणाऱ्या टीमचा ह्यात मोठा अनुभव आहे, जीपींना तिकडे रेफरल मागा. आज रात्री इमर्जन्सीत पळायचं नाहीये, पण "बघू पुढच्या ख्रिसमसनंतर" असंही करायचं नाही.

उपचाराचं थोडक्यात सांगते कारण ते तुम्ही विचारणारच. डॉक्टर तीन झोन मानतात, पहिला नस कवटीच्या छिद्रातून आत जाईपर्यंत, दुसरा तिथून आतल्या नसेच्या गाठीपर्यंत म्हणजे गँग्लियनपर्यंत, तिसरा त्याच्याही मागे मेंदूच्या देठाकडे. पहिल्यात सापडलं तर चित्र खूप बरं असतं, तिसऱ्यात गेलं तर ऑपरेशनने पूर्ण काढणं सहसा शक्य राहत नाही. जमण्यासारखं असेल तर नस आणि आजूबाजूचा भाग एकत्र, पुढची कड स्वच्छ मिळेपर्यंत काढतात, आणि मग शेक, म्हणजे रेडिओथेरपी, साधारण सहा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, एकूण ३० वेळा वगैरे. कपाळाची नस डोळ्याच्या खोबणीच्या छताखालून मागे जाते, त्यामुळे पसरण खोबणीत गेलेली असेल तर कधीकधी डोळाही काढायची वेळ येते. हे मी लपवून ठेवणार नाही, कारण हे अचानक ऐकलं की घरच्यांचे पाय गळतात, आधी कानावर असलेलं बरं. ऑपरेशन शक्य नसेल तर सेमिप्लिमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं औषध आहे, अमेरिकेत २०१८ मध्ये ह्याच कॅन्सरच्या पुढच्या स्टेजसाठी मान्य झालं, सलाइनमधून देतात, काही जणांमध्ये फार सुंदर परिणाम दिसतो. २०२५ मध्ये एका मोठ्या ट्रायलचा निकाल आला, जास्त धोक्याच्या पेशंटना ऑपरेशन आणि शेक झाल्यावर हेच औषध दिलं तर आजार परत येण्याचं प्रमाण बरंच कमी झालं. ह्याबद्दल तिथल्या टीमला आवर्जून विचारा.

आणि दोन कामं घरी आजच करा. कापसाची वात घ्या, अगदी टोक सुटं करून, आधी उजव्या कपाळावर फिरवा आणि मग डाव्या, सासऱ्यांना डोळे मिटून सांगायला लावा की कुठे कळेनासं होतं, तिथे बॉलपेनने रेघ काढा आणि फोटो घ्या तारखेसकट. दोन आठवड्यांनी परत. रेघ सरकली असेल तर तो फोटो घेऊन गेलात की कोणी "वयोमानाने होतं" म्हणणार नाही. दुसरं म्हणजे डावा डोळा. कपाळाची नस आणि बुबुळाची नस एकाच फांदीतल्या, बुबुळ बधिर झालं तर कचरा गेलेला कळत नाही आणि जखम होते. डोळा लाल दिसला तर दुखत नाही म्हणून सोडू नका, त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न: पुण्याहून लिहितोय. मावशीचं (वय ६१) पाच महिन्यांपूर्वी तोंड वाकडं झालं, डॉक्टर म्हणाले बेल्स पाल्सी, वारं लागलं असेल, आपोआप बरं होईल. फिजिओ चालू आहे, करंट देतात, चेहऱ्याला तेल लावून मसाज पण करतो. काहीच फरक नाही, उलट आता डोळाही नीट मिटत नाही. तुमच्या लेखानंतर भीती वाटायला लागलीय. हे कॅन्सर असू शकतं का?

उत्तर: बहुतेक वेळा बेल्स पाल्सी ही बेल्स पाल्सीच असते आणि बहुतेक लोक बरे होतात, हे आधी सांगते. पण तिची एक चाल असते. ती अचानक येते, रात्री झोपताना नीट होतं सकाळी चूळ भरताना पाणी ओघळलं अशी, फार तर दोन-तीन दिवसांत जेवढं वाकडं व्हायचं तेवढं होतं. मग काही आठवड्यांत सुधारायला लागते, आणि उशीर झाला तरी तीन-चार महिन्यांत कुठेतरी थोडी हालचाल परत येते. तुम्ही लिहिलंय की पाच महिने झाले, शून्य सुधारणा, आणि डोळा "आता" मिटत नाही, म्हणजे वाढतंय. ही बेल्सची चाल नाही. वारं लागलं ह्या शब्दाखाली अजून दोन महिने घालवू नका.

मावशीला विचारा, सुरुवातीला नुसती भुवई किंवा नुसता ओठाचा कोपरा गेला होता का, मग हळूहळू बाकीचं? गाल किंवा कान बधिर वाटतो का? कानाच्या पुढे किंवा पाळीच्या खाली बोटांनी चाचपून बघा, गाठ लागते का, दोन्ही बाजू एकदम चाचपा म्हणजे फरक कळतो. कान वाहतो का किंवा पूर्वी वाहायचा का, कानातला जुना आजारही ही नस खातो. चेहऱ्यावरचं, कानावरचं, डोक्यावरचं कधी काही काढलं होतं का. आपल्याकडे सावळ्या त्वचेमुळे उन्हाचा त्वचेचा कॅन्सर कमी असतो, त्यामुळे मावशीच्या बाबतीत मी आधी कानाखालच्या लाळेच्या ग्रंथीकडे, पॅरोटिडकडे बघेन. तिथल्या अॅडिनॉइड सिस्टिक नावाच्या कॅन्सरला नसेतून सरकायची अशीच खोड असते आणि गाठ मटारएवढी असताना चेहरा वाकडा होऊ शकतो.

कान-नाक-घसा किंवा डोकं-मान कॅन्सरच्या सर्जनकडे जा, फेशियल नर्व्हचा पूर्ण रस्ता आणि पॅरोटिड दिसेल असा कॉन्ट्रास्टचा एमआरआय करून घ्या. तोपर्यंत करंट थांबवलात तर काही बिघडणार नाही, डोळा मात्र सांभाळा, दिवसा थेंब, रात्री मलम घालून पापणी मिटवून पेपर टेप. खर्चाची काळजी असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हॉस्पिटल आहे का हे आधी विचारून घ्या, नंतर मागे जाऊन होत नाही.

प्रश्न: मी लातूरचा, शेती करतो. उजव्या गालावर रुपयाएवढा फिकट चट्टा आहे, तिथे टाचणी टोचली तरी कळत नाही. तुम्ही लिहिलेलं नसेतून पसरणारं हेच आहे का? रात्री झोप येत नाही.

उत्तर: दादा, शांत झोपा, हे वेगळं असण्याची शक्यता खूप जास्त आहे. आपल्या भागात फिकट किंवा लालसर चट्टा आणि त्यावर बधिरपणा म्हटलं की पहिलं नाव कुष्ठरोगाचं. हे वाचून दचकू नका, हा पूर्ण बरा होणारा आजार आहे, सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, सहा महिने किंवा बारा महिने घ्यायचं, आणि औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागायचा धोका लगेचच जवळजवळ संपतो. उशीर केला तर मात्र हाता-पायाच्या, चेहऱ्याच्या नसा कायमच्या जातात. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ह्या आठवड्यात जा, लाजायचं काहीच कारण नाही.

फरक असा की कुष्ठरोगात बधिरपणा चट्ट्याच्या आत असतो. मी वर लिहिलेल्या आजारात कातडी दिसायला बऱ्याचदा नॉर्मल आणि बधिरपणा नसेच्या पट्ट्यात. एक मात्र विचारते, कारण आपल्याकडे हे त्वचेच्या कॅन्सरपेक्षा कितीतरी जास्त दिसतं. तंबाखू-चुना, गुटखा खाता का? खालचा ओठ किंवा हनुवटी एका बाजूला बधिर आहे का, चहाचा कप लावला तर अर्धा कप फुटका असल्यासारखा वाटतो का? असेल तर ती जबड्याची नस आहे, आणि तोंडात टॉर्च मारून कॅन्सर बघितल्याशिवाय तो विषय सोडायचा नाही.

प्रश्न: नागपूर. किडनी ट्रान्सप्लांटला नऊ वर्षं झाली. कानाच्या वरच्या कडेवर एक खपली आहे, निघते परत येते, चार महिने झाले. दुसरं म्हणजे व्हॉट्सअॅपवर आलंय की व्हिटॅमिन बी-३ च्या गोळ्यांनी त्वचेचा कॅन्सर टळतो, घेऊ का?

उत्तर: खपलीची बायोप्सी करा. तुमच्या जागी दुसरं कोणी असतं तर मलम लावून महिनाभर बघू म्हटलं असतं, तुम्हाला नाही म्हणणार. किडनी टिकावी म्हणून ज्या गोळ्या तुम्ही घेता त्या शरीराची राखणदारी कमी करतात, आणि अशा लोकांत स्क्वेमस सेल कार्सिनोमा कितीतरी पटींनी जास्त होतो आणि वागतोही आडदांडपणे, नसेत शिरणं त्यातलंच. सावळ्या कातडीत तो धोका कमी होतो पण पूर्ण जात नाही. अझाथायोप्रिन चालू असेल तर आवर्जून सांगा, ती गोळी त्वचेला उन्हाबाबत जास्त नाजूक करते. बायोप्सीत काही निघालं तर गोळ्या बदलता येतील का, सिरोलिमस जमेल का, हे तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टनी ठरवायचं, स्वतः डोस कमी करायचा नाही, किडनी गेली तर सगळंच अवघड होऊन बसतं. वर मी जे इम्युनोथेरपीचं औषध लिहिलं तेही तुमच्यासारख्यांना फार विचार करून द्यावं लागतं, कारण त्याने शरीर किडनीवरच उलटू शकतं. म्हणून तुमच्यासाठी लवकर काढणं हाच सगळ्यात स्वस्त आणि सुरक्षित उपचार.

बी-३ चा मेसेज पूर्ण खोटा नाही. ऑस्ट्रेलियात एक चांगली ट्रायल झाली होती, २०१५ मध्ये निकाल आला, ज्यांना आधी असे कॅन्सर होऊन गेले होते त्यांना निकोटिनामाइड, म्हणजे बी-३ चाच एक प्रकार, ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा वर्षभर दिलं तर नवे कॅन्सर साधारण २३ टक्क्यांनी कमी झाले. पण त्यात ट्रान्सप्लांटवाले नव्हते. त्यांच्यावर वेगळी ट्रायल झाली, २०२३ मध्ये निकाल आला, आणि फायदा दिसला नाही. तेव्हा तुम्ही नका घेऊ, तो पैसा रुंद काठाच्या टोपीवर घाला, कान झाकणारी हवी, क्रिकेटची कॅप कान उघडे ठेवते.

प्रश्न: साताऱ्याजवळच्या गावातून. माझ्या भावाचा मुलगा जन्मतः सूर्यमुखी आहे, आता अकरा वर्षांचा. नाकावर आणि गालावर डाग यायला लागलेत, एक खरखरीत आहे. आमच्या आईने चामखीळ समजून त्यावर चुना लावला, जळून खपली पडली, पण महिन्याभरात परत आला. वहिनी म्हणते मोठं झाल्यावर बघू. तुमच्या कॉलमचा अंक दाखवला तर ऐकेल ती.

उत्तर: वहिनींना माझा नमस्कार सांगा आणि हे त्यांना वाचून दाखवा. ज्याला आपण सूर्यमुखी म्हणतो त्या आल्बिनिझममध्ये त्वचेत मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, जवळजवळ नसतं, म्हणजे तुमचा मुलगा साताऱ्यात राहून ब्रिस्बेनच्या गोऱ्या शेतकऱ्यापेक्षाही उघडा आहे. ज्या वयात बाकीच्यांना हा आजार स्वप्नातही नसतो त्या वयात, विशी-तिशीत, अशा लोकांना चेहऱ्यावर आणि मानेवर कॅन्सर झालेले मी बघितलेत, आणि प्रत्येक वेळी घरचे म्हणतात "डाग तर लहानपणापासून होते". मोठं झाल्यावर बघायची ही गोष्ट नाही. अकराव्या वर्षी तो खरखरीत डाग बहुतेक कॅन्सरच्या अलीकडचाच असेल, आणि त्या टप्प्यावर मलमाने किंवा गोठवून जातो.

आजींनी प्रेमानेच केलं, त्यांना बोलू नका, पण चुना परत नको. चुन्याने वरचा थर जळतो, खपली पडते, सगळ्यांना वाटतं गेलं, आणि खाली जे असेल ते वाढत राहतं. घोड्याचा केस बांधणं, अॅसिड, पार्लरमध्ये जाळून घेणं, सगळ्याला हेच लागू. काहीही काढलं तर ते बाटलीत घालून पॅथॉलॉजीला गेलंच पाहिजे आणि रिपोर्टचा कागद जपून ठेवायचा, ब्रिस्बेनच्या त्या ताईंना आज तीन वर्षांपूर्वीच्या एका ओळीनेच रस्ता दाखवलाय.

साताऱ्यात किंवा पुण्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे ह्याच महिन्यात न्या आणि नंतर दर सहा महिन्यांनी, डाग येत असतील तर तीन. कानामागे, मानेवर, टाळूवर भांग पाडून, ओठावर, सगळीकडे बघायला सांगा. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, चिमूटभर नाही तर भरपूर, आणि बाहेर असेल तर दर दोन तासांनी परत, ढगाळ दिवशीही. पण एकट्या सनस्क्रीनवर घर चालवू नका, महाग पडतं आणि विसरतं, कपडा सगळ्यात भरवशाचा. पूर्ण बाह्यांचा घट्ट विणीचा सुती शर्ट, रुंद काठाची टोपी, गॉगल, छत्री. ऑस्ट्रेलियात १९८१ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात एक मोहीम सुरू झाली, शर्ट चढवा, क्रीम थापा, टोपी घाला एवढंच सांगणारी, एक नाचणारा सीगल पक्षी टीव्हीवर गाणं म्हणायचा आणि पोरांना ते तोंडपाठ झालं. तिथल्या कित्येक प्राथमिक शाळांत आजही नियम आहे, टोपी नाही तर मैदानावर खेळ नाही. आपल्याकडे उलटं होतं, प्रार्थनेला टोपी काढ म्हणून मुलाला ओरडतात.

तेव्हा शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा, डॉक्टरांची चिठ्ठी न्या. त्याला प्रार्थनेला, पीटीला टोपी आणि फुल शर्टची परवानगी हवी, मैदानाचा तास सकाळच्या पहिल्या तासाला किंवा सावलीत हवा. अशा मुलांना नजरही कमी असते म्हणून पहिल्या बाकावर, पण खिडकीच्या उन्हात नाही. टोपी घातली म्हणून पोरं चिडवतील, तर एक-दोन मित्रांनाही तशीच टोपी घेऊन द्या, माझ्या एका छोट्या पेशंटच्या आईने हेच केलं आणि आठवडाभरात वर्गातली निम्मी मुलं टोपी मागायला लागली.